पुठ्ठ्यावरची शिकवणी

"ठळक?"

"कंट्रोल पी, मग बी."

"ओळ मधी आनानी शे तर?"

"कंट्रोल ओ, मग सी."

"चुकी गयं, बठ्ठी ओळच पुसानी?"

"कंट्रोल वाय."

विचारता विचारता झुंबरताईंची बोटं पुठ्ठ्यावर पडत होती आणि जिथे पडत होती तिथे बेसनाचे ठसे उमटत होते. साबणाच्या खोक्याचा तो पुठ्ठा हेमलतानेच कापला होता. जळगावच्या कॉम्प्युटर क्लासात बघून, डोक्यात साठवून, घरी येऊन एकेक बटण पट्टीने आखलं होतं. टाइपरायटरची बटणं ताईंना पाठ होती. यजमान रुपचंदभाऊ गेल्यावर त्यांनी पाचोऱ्यातच टायपिंगच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, मराठी आणि इंग्रजी. नवीन होतं ते कडेकडेचं. कंट्रोल, बाण, आणि वरची ती एफ लिहिलेली रांग.

श्रावणातला रविवार. संध्याकाळी घरात कानबाई देवी बसायची होती. घराला चुना मारून झाला होता, पांघरुणापासून पायपुसण्यापर्यंत सगळं धुवून झालं होतं, देवीच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू दळून आले होते. मागच्या खोलीत गिलक्यांच्या भज्यांचं पीठ भिजवता भिजवता उजळणी चालू होती, कारण उद्या सोमवारी जळगावला ताईंची मुलाखत होती. मुलाखत कसली, परीक्षाच. तिथल्या एका संस्थेच्या ऑफिसात एकच जागा होती आणि ज्याला कॉम्प्युटर येतो त्यालाच ती मिळणार होती.

"पत्र पुरं व्हयनं," झुंबरताई म्हणाल्या. "खाले सही, हुद्दा, बठ्ठं टाइप करं. मंग?"

हेमलताने पिठात हात घातला. गुठळी फोडली.

"मग झालं," ती म्हणाली.

झालं नव्हतं. मग कंट्रोल के आणि डी. ते दाबलं नाही तर पडद्यावरचं सगळं पत्र मशीन बंद होताच जातं, जसं कधी लिहिलंच नव्हतं. क्लासातल्या नजीरसरांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून ते तीनतीनदा म्हणवून घेतलं होतं. पहिल्या दिवशी घरी येऊन शिकवताना ते राहिलं, ते खरंच राहिलं. पुठ्ठ्यावर काही साठवायचं नसतं. पुठ्ठ्यावरचं पत्र हवेतच लिहायचं आणि हवेतच विरायचं, तिथे के आणि डी सुचणार कसं? उद्या सांगू, असं तिने मनात म्हटलं होतं. मग त्याच आठवड्यात नवऱ्याने, अभिमनने, तिच्याही नावाने अर्ज टाकला, आणि ते 'उद्या' रोज एकेक दिवस पुढे सरकत गेलं.

क्लासला ताईंनीच जायचं, असं आधी ठरत होतं. पण सासूबाई, अक्का, म्हणाल्या, विधवा सून रोज पॅसेंजरने जळगावला जाते-येते, गावाला तेवढंच निमित्त. शिवाय हेमलता धुळ्याची, कॉलेज झालेली, इंग्रजी वाचणारी. तिने शिकावं आणि घरी येऊन जावेला शिकवावं. ती जळगावला असायची तेव्हा तिच्या लहानग्या पिंकीला ताई सांभाळायच्या. न्हाऊ घालायच्या, वरणभात भरवायच्या, ताप आला तर मांडीवर घेऊन बसायच्या. आत्ताही पिंकी त्यांच्याच पदराचं टोक तोंडात धरून बसली होती.

"बठ्ठं येस माले आते," झुंबरताई पुठ्ठा पुसत म्हणाल्या. "तू शिकाडं म्हनीसन."

हेमलता उठून तेल बघायला गेली. तेल अजून तापलं नव्हतं.

*

पितांबर नाना भडगावहून चारच्या एसटीने आले ते घाम पुसतच. सासऱ्यांच्या मागे घरातले तेच मोठे, आणि ती जागा निघाली होती त्या संस्थेच्या कार्यकारिणीवरही होते. मागून सुंदरकाकू पिशव्या सांभाळत आल्या. चहा झाला, कानबाईच्या चौरंगावरचं कापड काकूंनी दोनदा सरळ केलं, आणि मग नानांनी अभिमनकडे बघितलं.

"मला आधी का नाही सांगितलं रे?"

"काय, नाना?"

"एक घर, एक आडनाव, दोन नावं यादीत! बाकीचे मेंबर हसले मला. म्हणे, पितांबरशेठ, घरातच निवडणूक लावली का?"

सुंदरकाकू हसल्या. "मंग चिन्ह काय काय घेतं म्हना. एकीनं पुठ्ठा, एकीना पाळणा."

आत कढईत भजी सोडल्याचा आवाज आला.

अभिमनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो कामाला होता ती कापसाची जिनिंग बंद पडल्यापासून तो घरात बसल्याजागी लहान होत चालला होता. तो अर्ज त्याने टाकला तेव्हा हेमलता मोरीत पिंकीचे पाय धूत होती. "ताईंना कळलं तर?" एवढंच तिने विचारलं होतं. "कळेल तेव्हा कळेल," तो म्हणाला होता. तिने हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. आता कळलं होतं, आणि ज्या वहिनीने तो शाळेत असताना त्याचे डबे भरले, ती आत पाठमोरी भजी तळत होती.

"दोघींनाही येतं," तो म्हणाला. "ज्याचं नशीब तो घेईल. त्यात वाईट काय?"

"वाईट काय?" अक्का माजघरातून बाहेर आल्या. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही. चढवायची गरज पडायची नाही. "घरमा एक ताट शे आनि दोन सुनासले वाढं, ते वाईट. झुंबरले दोन पोरी. तुन्ही बायकोले तू शे."

"मी आहे, पण जिनिंग नाही, अक्का."

"आज नही, सकाळ चालू व्हई. रुपचंद सकाळ येवाव नही."

नानांनी घसा साफ केला. "तसं नाही वहिनी. माझ्या हातात काही नाही. परीक्षा घेणारा माणूस बाहेरचा आहे, पुण्याचा. मशीनवर बसवणार, एक पत्र देणार टाइप करायला. झालं की बाहेर पाठवणार, आणि नंतर सगळ्यांची पत्रं एकदम छापून काढणार. ज्याचं छापलेलं चांगलं, त्याला नोकरी. माझा शब्दसुद्धा तिथे चालत नाही."

हेमलता भिंतीला टेकून उभी होती. नंतर छापून काढणार. म्हणजे ताई सगळं पत्र एक अक्षर न चुकता लिहितील, हात जोडून बाहेर येतील, आणि छापायला काही नसेलच.

झुंबरताई झारा हातात घेऊन दारात आल्या. चेहरा चुलीच्या धगीने लाल होता, की आणखी कशाने, हेमलताला कळलं नाही.

"माले माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. मग हसल्या. ते हसू फार टिकलं नाही. "जाऊ द्या ना नाना. तिले कोनी रोकं? तिनं बी शिकेल शे. मी तर तिन्हाच जोरवर जाई राह्यनी."

हेमलताला वाटलं, यांनी आत्ता मला चार लोकांत फाडून खाल्लं असतं तर बरं झालं असतं. कालपर्यंत ती सहज म्हणू शकली असती, 'अगबाई ताई, एक सांगायचं राहिलंच.' आता दोन्ही नावं उघड्यावर आल्यावर ते राहिलेलं राहिलेलं दिसणार नव्हतं. ठेवलेलं दिसणार होतं.

"कोनी रोकं म्हनतस?" अक्का म्हणाल्या. "मी रोकस. सकाळ कानबाई कोन उचली? झुंबर उचलू शकत नही. सुनासमा सवाष्ण एकच शे. आनि या घरना नेम तुमले माहीत शे. चौरंगवरथीन उचली का नदीना पानीपर्यंत तोंडमाथीन शब्द नही. पाऊल चुकाडानं नही. ती नदीवर, तर जळगाव कसी जाई?"

"वेळ पुढेमागे..." अभिमनने सुरुवात केली.

"देवीनी वेळ पुढेमागे नही व्हस."

निकाल लागला. अभिमन उठून बाहेर ओट्यावर गेला. नानांनी चहाची बशी खाली ठेवली आणि त्यांच्या तोंडावर सुटल्याचा भाव उमटला.

*

अक्का चौरंगापुढे बसल्या. नारळाला नथ घातली, डोळे लावले, हिरव्या खणाची घडी बसवली.

रोटांचे गहू घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने मूठ मूठ काढायचे असतात. परवा गहू काढायला सुंदरबाई भडगावहून येऊन गेली, तेव्हा ती शेजारीच बसली होती. अक्कांनी नानांची मूठ काढली, अभिमनची काढली, आणि मग न थांबता आणखी एक काढली. "ही कोननी?" सुंदरबाईने विचारलं. "मन्ही," अक्का म्हणाल्या होत्या. बायकांची मूठ नसते, हे दोघींनाही माहीत होतं.

आणि आज त्याच गेलेल्या मुलाच्या बायकोसाठी त्यांनी देवीला मधे घातलं होतं. कानबाई काय अशी घरातल्या भांडणाची मोहोर असते, उचलली आणि कागदावर मारली? धाकटी सून वाईट नव्हती. तिच्याही डोळ्यांत त्यांनी भूक बघितली होती, गेले काही महिने, रोज गाडीवरून उतरून घरात शिरताना. पोरगी आधी पाळण्यात डोकावायची, मग भांडी घासायची, मग पुठ्ठा घेऊन जावेजवळ बसायची. कुठे तक्रार नाही. म्हणूनच अक्कांना तिच्याकडे बघवत नव्हतं.

"माय, माफ करजो," त्या नारळाला म्हणाल्या. कोणाबद्दल, हे त्यांनी देवीलाही सांगितलं नाही.

*

जागरणाला गल्लीतल्या बायका जमल्या. गाणी झाली, फुगड्या झाल्या. झुंबरताई कडेला बसून टाळ्या देत होत्या आणि मधेच त्यांची बोटं मांडीवर चालत होती. पी, बी. ओ, सी. हेमलता दुरून ते बघत होती.

आता लपवून फायदाही नव्हता. ती तर जाणारच नव्हती. सांगून टाकलं तर नोकरी ताईंना मिळेल, घरातच राहील, अक्का खूश, नाना सुटले. तरी जीभ उचलत नव्हती. राहिलं होतं ते फक्त एकच: 'इतके दिवस का नाही सांगितलं?' असं ताई विचारतील. उत्तर होतं, पण तोंडातून काढण्यासारखं नव्हतं.

ती उठून त्यांच्याजवळ बसली. "ताई, एक..."

"हेमा!" सुंदरकाकूंनी हाक मारली. "पोरगी रडी राह्यनी तुन्ही!"

हेमलता लगेच उठली. पिंकीकडे जाताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला हायसं वाटलं आहे. त्या हायसं वाटण्याचीच तिला जास्त किळस आली.

*

सकाळी आरती झाली. हेमलताने डोक्यावर चुंबळ ठेवली. अक्कांनी आणि सुंदरकाकूंनी दोन्ही बाजूंनी कानबाईचा पाट उचलून तिच्या डोक्यावर दिला. कानबाई जड नसते. पण मान ताठ ठेवावी लागते, आणि नजर समोर. दारात डफ वाजायला लागला. गल्ली बायकांनी भरली होती. अभिमन पिंकीला कडेवर घेऊन ओट्याखाली उभा होता.

उंबऱ्याबाहेर एका बाजूला झुंबरताई उभ्या होत्या. फिकट निळं पातळ, हातात पर्स, पायात रबरी चपला नाहीत तर रुपचंदभाऊंनी कधीकाळी घेऊन दिलेले सँडल. गाडीची वेळ होत आली होती. पण कानबाईच्या पाया पडल्याशिवाय त्या निघणार नव्हत्या. त्या वाकल्या, हेमलताच्या पावलांपुढची माती कपाळाला लावली आणि सरळ झाल्या.

"जास मी," त्या म्हणाल्या. "काही राही गयं का?"

निघताना माणूस म्हणतं तसं म्हणाल्या त्या. छत्री घेतली का, किल्ली दिली का, तसं. हेमलताने बोलायचं नाही, हे सगळ्यांना माहीत होतं, त्यांनाही. उत्तराची वाट न बघता त्या वळल्यासुद्धा.

नेम होता. नेमाने तिचं तोंड बंद केलं होतं, तिने नाही. कोणीही तिला कधी दोष दिला नसता. हे इतकं सोयीचं होतं की हेमलताला डोक्यावरची देवी आपल्याकडे बघते आहे असं वाटलं.

"कंट्रोल के, डी!"

डफ थांबला.

"ताई! पत्र झालं की कंट्रोल के, मग डी. नाहीतर सगळं पुसून जातं. छापायला काही उरत नाही. के आणि डी!"

"बोलनी!" गल्लीतून कोणीतरी म्हणालं. "कानबाई डोक्यावर अन् बोलनी!" एका म्हातारीने दोन्ही हात तोंडावर नेले. अभिमनने पिंकीला दुसऱ्या कडेवर घेतलं, उगीचच.

झुंबरताई परत आल्या. अगदी समोर येऊन उभ्या राहिल्या. "के मंग डी," त्यांनी म्हटलं. "पत्र ऱ्हायनं का नही ऱ्हायनं, माले कसं समजी?"

"पहिला पडदा परत येतो. जिथून सुरुवात केली तो. त्यात तुमच्या पत्राचं नाव दिसतं."

"बरं."

त्यांनी पर्सवर बोटं ठेवून दोनदा करून बघितलं. मग डोळे वर केले.

"हाई तुले पयल्या दिनपासून माहीत व्हतं."

तो प्रश्न नव्हता. मान हलवता येत नव्हती, म्हणून हेमलताला शब्दच वापरावा लागला. "हो."

अक्का पुढे आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच सहन होत नव्हतं. दोन्ही हातांनी पाट धरून त्या म्हणाल्या, "उतार. आते तुन्हा डोक्यावर चालत नही. सुंदर, तू ये."

पाट गेला. चुंबळ सुंदरकाकूंच्या डोक्यावर गेली. डफ पुन्हा सुरू झाला, आधी अडखळत, मग जोरात, आणि बायका तिला वळसा घालून पुढे निघाल्या. पदर सावरून, अंग चोरून, जशा वाटेतल्या चिखलाला वळसा घालतात. हेमलता तिथेच उभी राहिली. मान अजून ताठच होती.

गल्ली रिकामी झाली. अभिमन जवळ आला. घसा खाकरून हळूच म्हणाला, "आता मोकळी झालीस. गाडी मिळेल. तुझं मुलाखतीचं बोलावणं आणू का आतून?"

"नको," ती म्हणाली. "ताईंनाच जाऊ दे."

"का बरं?" कोपऱ्यावरून आवाज आला. झुंबरताई गेल्या नव्हत्या. "माले सोडेल जागा नको. इतला दिन चोरीसन ठेवं, आनि आते दान करस? आन तुन्हं बोलावनं. पोरगी देवर सांभाळतीन."

"ताई, मी..."

"चपला घाल. गाडी जाई."

पॅसेंजरला गर्दी होती, तरी खिडकीजवळ दोघींपुरती जागा मिळाली. हेमलताच्या कपाळावर अजून मळवट होता आणि समोरचा माणूस तो न्याहाळत होता. तिने पदराने पुसला तर तो आणखीच पसरला. पाचोरा मागे पडला. मग झुंबरताईंनी पर्स मांडीवर आडवी ठेवली आणि तिच्यावर दोन्ही हातांची बोटं मांडली, टाइपरायटरवर मांडतात तशी.

"पयलेपासून सांग. काही मांगे ठेवू नको."

हेमलताने खिडकीबाहेर बघितलं. कपाशीची शेतं सरकत होती. मग तिने बघणं थांबवलं.

"सुरू करताना डी दाबायचं," ती म्हणाली. "दाबलं की मशीन नाव विचारतं. पत्राला आधी नाव द्यावं लागतं, ताई. त्याशिवाय ते लिहूच देत नाही." तिचा आवाज इतका खाली गेला की तिला पुन्हा सांगावं लागलं. "तेही मी सांगितलं नव्हतं."

झुंबरताईंनी एका बोटाने डी दाबला. मान वर केली नाही.

"आनखी?"